यजमानाचे ऋण

धर्मग्रामातून एखादे कुटुंब परदेशी सेवाकार्याला निघाले, की निरोपाच्या प्रार्थनासभेत त्याला एक उपदेश हमखास ऐकायला मिळतो : ‘तिथली गरिबी मुलांना दाखवा, म्हणजे देवाने आपल्याला किती दिले आहे ते त्यांना उमजेल.’ उपदेश सद्हेतूने केलेला असतो. ठाण्यात ऐकला, कल्याणला ऐकला, डोंबिवलीत तर नोकरीनिमित्त आखातात जाणाऱ्यांनाही कोणीतरी तो केला. त्याला विरोध करणे म्हणजे कृतज्ञतेलाच विरोध करणे, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. तरीही मी म्हणतो, ही कृतज्ञता नव्हे. ख्रिस्ती कृतज्ञता तर नव्हेच.

मंदिरात उभ्या राहिलेल्या त्या परुश्याची प्रार्थना आठवावी. लूकने ती नोंदवली आहे. ती उपकारस्तुतीचीच प्रार्थना होती! देवाचे आभार मानूनच त्याने सुरुवात केली. परंतु आभार कशाबद्दल? मागे उभ्या असलेल्या जकातदारासारखे आपण नाही, याबद्दल. अशा समाधानाला मागच्या रांगेत कोणीतरी सतत उभे असावे लागते. त्याची स्थिती सुधारली, की आपली कृतज्ञता ओसरली! शिवाय तुलनेचा हा तराजू एकाच बाजूला झुकत नाही. ज्या मुलाला झोपडी दाखवून ‘तू किती भाग्यवान’ असे शिकवले, तोच मुलगा सुटीत परत आल्यावर घोडबंदर रस्त्यावरच्या मावसभावाचा फ्लॅट पाहतो आणि त्याच तराजूने स्वतःला अभागी ठरवतो. दोष मुलाचा नाही. तराजू आपणच त्याच्या हाती दिला.

प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठवले तेव्हा त्यांना थैली आणि झोळीही घेऊ दिली नाही. ज्या घरात स्वीकार होईल तेथे राहावे, पुढ्यात येईल ते खावे, ही त्याची आज्ञा. सेमिनरीत आम्ही याला अपरिग्रहाचा पाठ म्हणून अभ्यासले. ते खरेच, पण त्यात आणखीही काही आहे. मिशनरी हा प्रथम पाहुणा असतो. त्याने काही देण्याआधी कोणीतरी त्याला भाकरी आणि अंथरूण दिलेले असते. जहाज फुटल्यावर संत पौल मेलिता बेटावर भिजून कुडकुडत पोहोचला, तेव्हा तेथील परक्या लोकांनी पावसात शेकोटी पेटवून त्याला जवळ घेतले. त्यांनी अजून सुवार्ता ऐकलेलीही नव्हती.

आपल्या ठाण्याचाच इतिहास पाहावा. एप्रिल १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन बंधू हुतात्मा झाले : तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. ही नावे आपल्याला पाठ असतात, निदान असावीत. पण ते ठाण्यात कोठे उतरले होते? पुढे त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेलेल्या ओदोरिक या प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती व त्यांपैकी एका घराने या चौघांना आसरा दिला होता. पंथ वेगळा, भाषा वेगळी, तरी दार उघडले. तो यजमान काही संत नव्हता. त्याने बायकोला मारहाण केली, तिने काजीकडे फिर्याद नेली आणि साक्षीच्या निमित्ताने या पाहुण्यांना बोलावले गेले. पुढचे सारे तेथून घडले. बायकोवर हात टाकणाऱ्याचे मी गुणगान करणार नाही. परंतु अन्नाचे ऋण देणाऱ्याच्या गुणांवर ठरत नसते. आपण हुतात्म्यांची स्तोत्रे गातो आणि त्यांच्यासाठी चूल पेटवणाऱ्या त्या मार खाणाऱ्या बाईचा उल्लेखही करत नाही. तिच्याशिवाय ठाण्याची ती कथा सुरूच होत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. १५८३ मध्ये त्यांनी भावाला जे पत्र लिहिले, ते आजच्या प्रत्येक मिशनरी कुटुंबाने वाचावे. येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळणारी आहे, हे एका इंग्रज जेझुइटाने तेव्हा कौतुकाने घरी कळवले. आजकालची परिपत्रके आठवा : वीज नाही, पाणी नाही, डास फार, प्रार्थना करा. स्टीफन्सना उकाडा लागला नसेल काय? पण यजमानांच्या घरातले सर्वांत मोलाचे धन कोणते, हे त्यांनी ओळखले. १६१६ मध्ये छापलेले ख्रिस्तपुराण ही त्या ऋणाची परतफेडच होय.

स्टीफन्स आमच्यासारखेच ब्रह्मचारी. सहकुटुंब राहिलेल्यांचा अनुभव हवा असेल, तर आपल्या प्रोटेस्टंट बंधूंकडे वळावे लागते, आणि त्यात संकोच कशाला? अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये मायदेशी परतताना समुद्रातच वारले. मुंबईत १८४७ साली जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन अमेरिकेत शिकून १८७४ मध्ये परत आला आणि अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, सुमारे अर्धे शतक राबला. अशा घरांतील मुले शिक्षणासाठी आईबापांपासून वर्षानुवर्षे दूर राहत. येथे आपल्या उपदेशकांची दुसरी चूक सांगतो. रडणाऱ्या मुलाला ‘देवाचे आभार मान, तक्रार करू नकोस’ असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. ज्याला घराची आठवण येऊ दिली जात नाही, तो नव्या घराचे आभारही मनापासून मानू शकत नाही.

याच मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट. निवृत्त होऊन अमेरिकेला गेल्यावर या गृहस्थांनी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, रामदास यांचे वाङ्मय आणि चरित्रे इंग्रजीत आणण्याचा ध्यास घेतला. १९२६ पासून त्यांची ग्रंथमाला प्रसिद्ध होऊ लागली; १९३२ मध्ये ते वारले. महीपतींच्या भक्तविजयाच्या भाषांतरावर त्यांच्या नावाशेजारी पंडित नरहर गोडबोले यांचे नाव छापलेले आहे. ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत लंडनमध्ये उजेडात आणणारेही हेच ॲबट. शिकवायला आलेला माणूस म्हातारपणी विद्यार्थी झाला, आणि शिक्षकाचे नाव त्याने झाकून ठेवले नाही.

‘पण फादर, आम्ही द्यायलाच जातो ना?’ असा प्रश्न येतोच. द्या, अवश्य द्या. मात्र आपण स्वतः कोणाच्या अंगणात आहोत, हे आधी पाहा. डोंबिवलीतल्या आपल्या इमारती आगऱ्यांच्या भातशेतीवर उभ्या आहेत. केरळातून आलेल्या आपल्या बांधवांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. त्याआधी त्यांचा आध्यात्मिक सांभाळ लॅटिन धर्मग्रामांत होत होता. आपल्यापैकी किती घरांत मुलांना हे सांगितले जाते? जे घरी यजमानाला ओळखत नाहीत, ते नैरोबीत किंवा मस्कतमध्ये अचानक कसे ओळखतील?

म्हणून परदेशी असलेल्या कुटुंबांना माझी विनंती आहे. नाताळचे पत्र या वर्षी थोडे निराळे लिहावे. तेथील टंचाईची यादी नको, छायाचित्रांत उघडी पोरे नकोत. तुमच्या मुलाला तिथल्या भाषेतला पहिला शब्द कोणी शिकवला, आजारपणात कोणी पेज आणून दिली, घर कोणी दाखवले, ते नावानिशी लिहा. त्या व्यक्तीची अनुमती घ्या आणि पत्र धाडण्याआधी तिला वाचून दाखवा, तिच्याच भाषेत.