बॅकअप ड्राइव्ह : आवराआवर आणि राखण



२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आम्ही कात्रजकर विसरलेलो नाही. डोंगरावर कोसळलेल्या पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून खाली पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत ओढ्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अनेकांचे प्राण गेले. त्या दुःखापुढे मालमत्तेची हानी गौणच. तरीही एका दुकानाची हकिकत सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण तिच्यात माझी स्वतःची चूक आहे.

ओढ्यालगत माझ्या पुतण्याचे वह्या-कागदांचे घाऊक दुकान होते. हिशेब संगणकावर आल्यावर बॅकअप ड्राइव्ह घेण्याचा सल्ला मीच दिला होता. महिन्यातून एकदा तो डिफ्रॅगमेंट कसा करावा, हेही मीच शिकवले. पुतण्या आज्ञाधारक, त्याने एक महिना चुकवला नाही. त्या रात्री मात्र संगणक टेबलावर आणि ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होता. सकाळी दोन्ही चिखलात सापडले. तो एवढेच म्हणाला, “काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळे नीट लावून ठेवले होते हो.”

वस्तू व सेवा कराच्या पहिल्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र अजून भरावयाचे होते आणि बाजारात उधारी पसरलेली होती. सनदी लेखापालांकडची मार्चअखेरची प्रत, कराच्या संकेतस्थळावरील विवरणे, बँकेचे उतारे आणि ग्राहकांनी विश्वासाने दाखवलेली त्यांची खाती यांवरून हिशेब पुन्हा उभा करण्यास चार महिने लागले. काही उधारी कायमची बुडाली.

मला अधिक बोचते ते वेगळेच. आमच्या शाखेत दिवसाचे काम संपल्यावर नोंदींची एक प्रत तिजोरीत आणि दुसरी जवळच्या शाखेत जात असे. मी तशी नोंदवहीत सही करीत असे. वर्षानुवर्षे कचेरीत पाळलेला नियम घरच्या माणसाला सांगण्याचे मला सुचले नाही. मी त्याला आवराआवर शिकवली, राखण शिकवली नाही.

हा भेद नीट समजून घेऊ. खतावणीत एखाद्या आसामीचे खाते १२ व्या पानावर सुरू होते. पान भरले की ‘पुढे पान ४७ पाहा’ असे लिहावे लागते. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर असेच घडते. फाइल वाढत जाते, तसे तिचे तुकडे मिळेल त्या मोकळ्या जागी पडतात आणि वाचणाऱ्या सुईला इकडून तिकडे धावावे लागते. डिफ्रॅगमेंट करणे म्हणजे ती पाने पुन्हा क्रमाने लावणे. त्याने वेग वाढतो. सुरक्षितता तसूभरही वाढत नाही.

आवराआवरीचेही नियम आहेत. प्रथम ड्राइव्हचा प्रकार पाहावा. विंडोजमधील ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ या खिडकीत तो दिसतो. ‘सॉलिड स्टेट’ असेल तर डिफ्रॅगमेंट करू नये. त्यात फिरती चकती नसते, त्यामुळे लाभ जवळजवळ नाही. उलट त्याच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात, त्या व्यर्थ झिजतात. त्याच्यासाठी ‘ट्रिम’ ही निराळी क्रिया असते. हार्ड डिस्क असेल तर सुमारे १५ टक्के जागा मोकळी ठेवावी आणि ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’मध्ये जाऊन आधी दोषतपासणी करावी. ड्राइव्हमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना तो अडखळत असेल, तर डिफ्रॅगमेंटचा ताण मुळीच देऊ नये; प्रथम सर्व माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. काम चालू असताना वायर ओढू नये. केवळ प्रती साठवणाऱ्या ड्राइव्हला वर्षातून दोनदा ही आवराआवर पुरे. दरमहा करण्याचा माझा सल्ला अनावश्यक होता.

आता राखण. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या छपराखाली असावी. प्रत घेऊन झाली की ड्राइव्ह संगणकापासून सोडवून ठेवावा. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ विषाणूने संगणकासोबत त्याला जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. शिवाय प्रत अधूनमधून उघडून पाहावी. टॅलीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ‘रिस्टोअर’ करावी, म्हणजे चालू हिशेबावर ती चढणार नाही. मग तेरीज मूळ हिशेबाशी ताडून पाहावी. जुळली तरच ती प्रत खरी. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. तेवढ्या काळात एखादा ड्राइव्ह मान टाकील, हे गृहीतच धरावे.

ही तपासणी कधी करावी? आपल्याकडे त्यासाठी दिवस नेमलेलेच आहेत. ज्ञानपंचमीला भांडारांतील पोथ्या बाहेर काढून, धूळ झटकून, वेष्टने बदलून पुन्हा ठेवण्याची परंपरा आहे. तीच कार्तिक शुद्ध पंचमी लाभपंचमी म्हणून व्यापाराच्या शुभारंभाची असते. दिगंबर बांधवांची श्रुतपंचमी ज्येष्ठात येते. पोथी केवळ ठेवून टिकत नाही, ती उघडून पाहावी लागते, हे पूर्वजांनी ओळखले होते. त्याच दोन दिवशी ड्राइव्हही उघडावा.

पुतण्याचे दुकान आता पहिल्या मजल्यावर आहे. दर शनिवारी सायंकाळी तो एक ड्राइव्ह माझ्याकडे ठेवतो आणि मागच्या आठवड्याचा घेऊन जातो. जाण्यापूर्वी आम्ही त्यातले कोणतेही एक बिल उघडून पाहतो आणि वहीत तारीख घालून दोघे सही करतो.