‘नवीनच घ्या’ हे कोणाचे निदान?

संगणक उघडून बसणे हा निवृत्त मध्यमवर्गीयाचा छंद आहे, त्याचा समाजवादी चळवळीशी संबंध काय, असा प्रश्न एका तरुण साथीने मला मागे विचारला. प्रश्न थट्टेने विचारलेला होता. परंतु ज्या प्रसंगावरून तो निघाला, तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गंभीरपणे घ्यावा असा आहे. म्हणून तो प्रथम सविस्तर सांगतो. यंत्राच्या तपशिलाचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी थोडा धीर धरावा. या प्रश्नातले राजकारण त्या तपशिलातच आहे.

आमच्या घरातील संगणक २०१३ साली सुटे भाग जुळवून घेतलेला. २०२४ च्या मे महिन्यात तो इतका मंदावला की एखादा तक्ता उघडेपर्यंत चहा होऊन जाई. मी दोन भाग विकत आणले : फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एक एसएसडी, आणि रॅमची चार जीबीची आणखी एक पट्टी. दोन्ही एकाच बैठकीत बसवले, आणि येथेच पहिली चूक झाली. जुन्या यंत्रात एका वेळी एकच बदल करावा, यंत्र चालवून पाहावे, मगच दुसऱ्याला हात घालावा. दोन बदल एकदम केले की बिघाड कोणत्या बदलाचा, हे कळण्याचा मार्ग आपणच बंद करतो. (सरकारी अर्थनीतीलाही हे लागू आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीमागोमाग जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि छोट्या उद्योगांचे कंबरडे नेमके कशाने मोडले याचा वाद घालण्याची सोय झाली.)

बटण दाबले तेव्हा पडदा काळाच राहिला आणि पेटीतून लागोपाठ पीं-पीं असा आवाज येऊ लागला. हा आवाज म्हणजे यंत्राची स्वतःची तक्रार असते, आणि बहुधा ती रॅमविषयी असते. पट्टी चुकीच्या जातीची नव्हती. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या जागेत बसतच नाही, कारण दोहोंची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. मग पट्टी काढून तिची सोनेरी किनार साध्या खोडरबराने हलकेच घासली, बोर्डावरील जागेतली अकरा वर्षांची धूळ ब्रशने काढली, आणि बाजूचा चाप टक्कन लागेपर्यंत पट्टी दोन्ही टोकांनी दाबली. आवाज थांबला.

खरा घोळ एसएसडीचा झाला. संगणक सुरू होताना प्रथम जागा होतो तो बायॉस हा मूलभूत प्रोग्राम. डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती या बोर्डावर होत्या, जुनी ‘आयडीई’ आणि नवी ‘एएचसीआय’. एसएसडीसाठी नवी पद्धत निवडावी असे वाचले होते, त्याप्रमाणे बायॉसमध्ये निवडली आणि विंडोज-१० नव्याने बसवले. संध्याकाळभर यंत्र झकास चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी निळा पडदा, आणि चालू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नसल्याचा संदेश. मी टिपणातल्या सर्व पायऱ्या पहिल्यापासून पुन्हा केल्या. संध्याकाळी उत्तम, सकाळी पुन्हा निळा पडदा! बायॉसमधली तीच निवड पुन्हा का करावी लागते आहे, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

पेटी घेऊन एका मोठ्या विक्रीकेंद्राच्या सेवाविभागात गेलो. तेथील तरुणाने पेटीचे झाकणही उघडले नाही. “बोर्ड गेलाय. एवढ्या जुन्या बोर्डाचे पार्ट येत नाहीत. नवीनच घ्या,” असे सांगून त्याने बेचाळीस हजारांचे दरपत्रक हाती दिले. त्या मुलावर माझा राग नाही. त्याचा पगार किती यंत्रे दुरुस्त झाली यावर नव्हे, किती विकली गेली यावर अवलंबून असतो.

घरी परतताना सवयीच्या बोळातून आलो. तेथे एक गृहस्थ आठ बाय सहाच्या गाळ्यात संगणक आणि मिक्सर शेजारी शेजारी दुरुस्त करतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “सर, रात्री भिंतीवरचं मेन बटण बंद करता का?” करतो, वीज वाचवण्याची जुनी सवय. त्यांनी यंत्र सुरू करून बायॉसमधली तारीख दाखवली. ती कित्येक वर्षांपूर्वीची होती. मग बोर्डावरचा रुपयाएवढा बटणसेल काढून मीटरला लावला. तीन व्होल्टचा सेल दीडवर आला होता. “बोर्ड कशाला जातोय, सर. सेल गेलाय.”

बायॉसमधल्या निवडी आणि घड्याळ, वीज नसताना, या सेलवर जगतात. सेल संपला की मेन बटण बंद होताच बोर्ड सारे विसरतो आणि कारखान्यातल्या मूळ निवडींवर परत जातो. माझ्या बोर्डाची मूळ निवड आयडीई होती. जुनी डिस्क त्याच पद्धतीवर बसवलेली असल्यामुळे वर्षभर सेल मेलेला असूनही काही अडले नव्हते. घड्याळ चुके, पण इंटरनेट जोडले की सुधारे, म्हणून मी दुर्लक्ष केले. नवी डिस्क एएचसीआयवर बसवली, रात्री बोर्ड ते विसरला, आणि सकाळी विंडोजला आपलीच डिस्क ओळखता येईना. सेलचे तीस रुपये आणि मजुरीचे दीडशे, एवढ्यात काम झाले.

बेचाळीस हजार आणि एकशे ऐंशी यांतला फरक कोठून आला? दोन्ही ठिकाणी यंत्र तेच आणि बिघाड तोच. फरक निदानात होता, आणि निदान कोण करतो त्याच्या हितसंबंधात होता. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये याच कोड्यावर निबंध लिहिला. काही सेवा अशा असतात की त्या घेतल्यानंतरही आपल्याला त्यांची खरोखर गरज होती की नाही, हे ग्राहकाला कळत नाही; कारण रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो. मी बेचाळीस हजार मोजले असते तर नवा संगणक उत्तम चालला असता आणि जुना बोर्ड गेलाच होता या समजुतीत मी समाधानाने राहिलो असतो. स्पर्धा ही ग्राहकाची तारणहार आहे असे वर्गात शिकवले जाते (मीही शिकवले आहे). परंतु ज्या बाजारात ग्राहकाला फसवणूक झाल्याचेच समजत नाही, तेथे स्पर्धा कोणाला शिक्षा करणार?

यावर सांगितले जाते की यंत्रेच आता इतकी गुंतागुंतीची झाली आहेत की घरच्या घरी दुरुस्ती शक्य नाही. इतिहास तसे सांगत नाही. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पहिला वैयक्तिक संगणक विकावयास काढला, तेव्हा पाच मोकळ्या जागा त्याच्या बोर्डावर होत्या, आणि त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत मंडलांच्या आकृत्या व बायॉसची संपूर्ण संहिता छापलेली होती. कंपनीचा हा परोपकार नव्हे. तिला घाईने बाजारात उतरावयाचे होते. परंतु त्या मोकळेपणामुळे जगभर हजारो लोक सुटे भाग बनवू आणि बसवू लागले, आणि मक्तेदारी निसटली. ती परत मिळवण्यासाठी १९८७ मध्ये त्याच कंपनीने पीएस-२ मालिकेत मायक्रो चॅनेल ही परवान्याने बांधलेली जोडणी आणली. प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि तो डाव फसला. माझ्या २०१३ च्या पेटीत मला पट्टी घालता आली ती त्या मोकळ्या परंपरेमुळेच. आजच्या अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते. ती वाढवता येत नाही, बिघडली तर बदलता येत नाही. यंत्र पातळ होते हा त्याचा फायदा खरा. पण त्या पातळपणाची किंमत कोणी मोजावयाची हे ग्राहकाला विचारून ठरलेले नाही.

आणि भाग शाबूत असले तरी यंत्र मारता येते. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये आणलेल्या विंडोज-११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि साधारणपणे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. विंडोज-१० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, तीही नोंदणी करून. कनॅलिस या बाजारसंशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की यामुळे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही हेही सांगितले पाहिजे. जुन्या, दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करू नयेत. परंतु रस्ता असुरक्षित म्हणून चालत्या माणसाचे पाय काढून घेणे हा उपाय कोणी सुचवत नाही. माझ्या यंत्रावर आता लिनक्स चालते. ती प्रणाली फुकट आहे, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही वेळेवर मिळतात.

आपल्या पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांना हे सारे वाचून १९७७ आठवेल. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय चलन कायद्याप्रमाणे भारतीय शाखेतला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये येथला गाशा गुंडाळला. ही कंपनी येथे करीत काय होती? इतरत्र सेवेतून काढलेली १४०१ जातीची यंत्रे, जी मुळात १९५९ मध्ये जाहीर झाली होती, ती पुन्हा चालती करून भारतातील ग्राहकांना भाड्याने देत होती. म्हणजे जुने यंत्र दुरुस्त करून वापरणे हे आपोआप पुरोगामी ठरत नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, ज्ञान कोणाच्या हाती आणि भाडे कोणाच्या खिशात, हे पाहावे लागते.

आयबीएम गेल्यावर देशातले संगणक बंद पडतील अशी भीती घालण्यात आली होती. ते बंद पडले नाहीत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने त्यांची देखभाल आपल्याकडे घेतली. नावातच ‘देखभाल’ असलेला सार्वजनिक उद्योग! पुढे याच सीएमसीने रेल्वेची आरक्षणव्यवस्था उभारली. २००१ मध्ये निर्गुंतवणुकीच्या लाटेत तिची सूत्रे टाटांकडे गेली आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. तिच्या विक्रीवर आपण टीका केली ती प्रामुख्याने विक्रीच्या किमतीवरून. देशाने दुरुस्तीचे सार्वजनिक ज्ञान गमावले, ही तक्रार त्या वेळी फारशी ऐकू आली नाही. माझ्याही लेखनात ती नव्हती.

आज या ज्ञानाचे खरे वारसदार बोळातले दुरुस्तीकार आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि तालुक्यातालुक्यातले एकखणी गाळे यांत हे कामगार बसतात. त्यांना बोर्डाच्या आकृत्या कोणी देत नाही. त्या ते एकमेकांकडून मिळवतात. बहुतेक जण जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली आहेत, त्यामुळे विकत घेतलेल्या सुट्या भागांवरील १८ टक्के कर त्यांना वळता करून मिळत नाही. मोठ्या सेवाकेंद्राला मिळतो. सहकारी संस्था नाही, संघटना नाही, आणि आपल्या कामगार आघाडीच्या दप्तरात त्यांची नोंद नाही. ज्या चळवळीने साठच्या दशकात आयुर्विम्यातील यांत्रिकीकरणाविरुद्ध मोर्चे पाहिले, तिला संगणकावर जगणारा हा कामगार कामगार वाटू नये, हे मला चमत्कारिक वाटते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्यांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे, सक्ती नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीचा निर्देश संमत केला, सदस्य देशांनी तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करावयाचा. त्यात मोबाइल व टॅब्लेट आहेत, पण घरगुती संगणक नाही, ही त्याची उणीव. आपल्या मागण्या याहून स्पष्ट असाव्यात. विक्री थांबल्यानंतरही ठरावीक वर्षे सुटे भाग आणि बोर्डाच्या आकृत्या कोणाही दुरुस्तीकाराला मिळाल्या पाहिजेत. निदान लेखी असावे. बोर्ड गेला म्हणणाऱ्याने कशावरून ते लिहून द्यावे. आयटीआयमध्ये संगणकाच्या हार्डवेअर-देखभालीचा अभ्यासक्रम आहेच, त्याची पाठ्यसामग्री चांगल्या मराठीत हवी. आणि सरकारी कार्यालये दर काही वर्षांनी जे संगणक लिलावात काढतात, ते आधी दुरुस्तीकारांच्या सहकारी संस्थेला देऊन अभ्यासिकांसाठी चालते करून घ्यावेत.

या शेवटच्या मागणीसाठी सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्या जिल्हा कार्यालयाच्या माळ्यावर तीन संगणक पडून आहेत. ‘बिघडले’ एवढाच शेरा त्यांच्यावर आहे. मी येत्या रविवारी सकाळी खोडरबर, ब्रश आणि तीन सेल घेऊन तेथे जाणार आहे. बोळातले ते गृहस्थही त्यांची मजुरी आपण देणार या अटीवर यावयास तयार आहेत. आरंभी उल्लेखिलेल्या तरुण साथीने स्क्रू-ड्रायव्हर आणावा.