दहाव्या माणसाचा सन्मान

बंगळुरूच्या मागडी रस्त्यावर यहुद्यांची एक लहानशी दफनभूमी आहे. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी तिच्यासाठी १९०४ साली जमीन दिली. तेथील जुन्यांत जुन्या थडग्यांपैकी एक सुभेदार सॅम्युएल नागावकर यांचे आहे. आडनाव अलिबागजवळच्या नागावचे. म्हणजे ज्यांची मातृभाषा मराठी त्या बेने इस्राएल समाजाचे. मुंबई, पुणे किंवा ठाणे येथे आहे तसे जुने सिनेगॉग मात्र बंगळुरूत नाही. दफनभूमी म्हटली की फाटकाची किल्ली कोणीतरी सांभाळावी लागते, माजलेले गवत काढवून घ्यावे लागते, आणि अवेळी निरोप आला तरी अंत्यविधीची सिद्धता करावी लागते. यहुदी परंपरेत मृताच्या सेवेला 'खरी दया' असे म्हटले आहे. कारण ज्याची सेवा करावयाची तो तिची परतफेड कधीच करू शकत नाही. परतफेडीची अपेक्षा नसलेल्या अशा सेवेचा सन्मान समाजाने कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

बेने इस्राएलांच्या पहिल्या सिनेगॉगची कथाही म्हैसूरशीच जोडलेली आहे. इंग्रजांच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल, हे टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका झाल्यास देवाचे घर बांधीन असा नवस त्यांनी केला होता, असे परंपरा सांगते. १७९६ साली त्यांनी मुंबईत 'शाअर हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार', हे सिनेगॉग उभारले. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत आले. त्यामुळे हे मंदिर 'जुनी मशीद' म्हणून ओळखले गेले. दिवेकरांचे नाव राहिले, आणि ते योग्यच झाले. परंतु संस्थापक द्वार एकदाच उभारतो. ते दर शब्बाथला उघडण्याचे काम दोनशेहून अधिक वर्षे ज्यांनी केले, त्यांची नावे कोणत्या शिळेवर आहेत?

मशिदीचा व्यवहार मुकादम, गबाई, हजान आणि शमाश यांच्यामार्फत चालत आला. त्यांपैकी काहींना अल्पसे वेतन मिळे; पुष्कळसे काम मात्र बिनमोलच होई. दिव्यात तेल घालणे, सणाची सामग्री जुळविणे, मृतास स्नान घालणे, एकाकी वृद्धाच्या घरी जाऊन चौकशी करणे, ही कामे कोणत्याही नियमावलीत बसत नाहीत. या सर्वांहून साधी, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित, अशी एक सेवा आहे: दहावा माणूस होणे. पारंपरिक रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. नऊच जमले तर तोराची गुंडाळी वाचनासाठी बाहेर निघत नाही, आणि नुकताच बाप गमावलेल्या मुलालाही 'कद्दीश' म्हणता येत नाही. ज्याच्या येण्याने दुसऱ्याचा शोक वाचा पावतो, तो मनुष्य केवळ संख्या पुरी करीत नाही.

समाज मोठा होता तेव्हा या दहाव्याची किंमत कोणाला जाणवली नाही. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी फार मोठा भाग इस्राएलला गेला. आज भारतातील यहुद्यांची संख्या काही हजारांवर येऊन ठेपली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु शासन दर्जा देऊ शकते, दहावा माणूस देऊ शकत नाही. तो समाजातूनच यावा लागतो, आणि दर आठवड्यास यावा लागतो.

अशा सेवकांचा गौरव आपण कसा करतो? एका समारंभात शाल, श्रीफळ आणि मानपत्र देतो. दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा त्याच वृद्ध हातांत असते. हा सन्मान खोटा नव्हे, पण अपुरा आहे. किंबहुना कधी कधी तो आपल्या मनाची टोचणी शमविण्याचा सोपा मार्ग ठरतो. सत्कार केला की आपण ऋणमुक्त झालो, असे आपल्याला वाटू लागते.

यावर कोणी म्हणेल की, खऱ्या सेवेला गौरव हवाच कशाला? गुप्तदान श्रेष्ठ मानणाऱ्या धर्मात सेवकाचे नाव घेणे म्हणजे त्याच्या सेवेला कमीपणा आणणे नव्हे काय? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु यहुदी उपासनेतच त्याचे उत्तर सापडते. शब्बाथच्या सकाळी म्हटल्या जाणाऱ्या एका आशीर्वचनात दिव्यांसाठी, द्राक्षरसासाठी, वाटसरूच्या भाकरीसाठी देणाऱ्यांचे, आणि समाजाची कामे निष्ठेने करणाऱ्या सर्वांचे स्मरण केले जाते. त्यात देणगीदार आणि राबणारा एकाच ओळीत उभे आहेत. संगमरवरी फलकांवर मात्र आपण त्यांची फारकत केली. शिवाय गौरव सेवकासाठी नसतोच; तो पाहणाऱ्या पुढच्या पिढीसाठी असतो. आदराची वस्तू कोणती, हे मुलांना त्यावरून कळते.

हयिम सॅम्युएल केहिमकरांचे उदाहरण येथे आठवते. १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा सुरू होण्यात त्यांचा पुढाकार होता. समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून ठेवला. तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तो पाहण्यास केहिमकर हयात नव्हते. परंतु त्यांनी लिहिले म्हणून आज आपणास पुष्कळ काही ठाऊक आहे. जे शमाश आणि गबाई लिहीत नाहीत, त्यांच्याबरोबर प्रार्थनांच्या चाली, मलिद्याच्या रीती आणि कोणते थडगे कोणाचे याची माहितीही जाते. ही माहिती बव्हंशी मराठीत आहे, आणि म्हणून ती केवळ यहुद्यांची ठेव नव्हे. ज्या भाषेत १८४६ सालीच हग्गादा छापली गेली, आणि एकोणिसाव्या शतकातच बेने इस्राएलांची कीर्तने रंगली, त्या भाषेच्या अभ्यासकांवरही तिच्या जतनाचे दायित्व आहे.

म्हणून सन्मानाची रीत बदलावी, असे सुचवावेसे वाटते. सेवकाचे नाव तो हयात असतानाच त्या आशीर्वचनाच्या प्रसंगी घेतले जावे. त्याच्याजवळ बसून त्याच्या आठवणी त्याच्याच मराठीत टिपून घ्याव्यात. आणि मानपत्र वाचून झाल्यावर सभेतील एका तरुणाने उठून किल्लीची दुसरी प्रत मागून घ्यावी. शालीची ऊब एका संध्याकाळची असते. पुढच्या शब्बाथला आपण पोहोचण्यापूर्वीच कोणीतरी दार उघडून ठेवले आहे, हे पाहून त्या वृद्धास जो दिलासा मिळेल, तो कोणत्याही मानपत्रात मावणारा नाही.