यादी पाठवण्याआधी झूम वाढवा

राजेहो, अतिवृष्टीच्या मदतीची यादी गावात येते तेव्हा तिच्यात दरेक कास्तकाराच्या नावापुढं एक विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं, गट नंबर, क्षेत्र, खातं तपासायचं अन् मग ई-केवायसी करायची. म्हणजे सारं त्या एका ओळीवर आलं. अन् तीच ओळ डोळ्याले दिसत नाही!

कारण साधं आहे. फाईल बनवणाऱ्यानं आपल्या मोठ्या स्क्रीनवर सगळे रकाने एका नजरेत बसावे म्हणून झूम 60-70 टक्के केलेला असतो. एक्सेल तो झूम फाईलसोबतच सेव्ह करते. मग इकडं लहानशा जुन्या कॉम्प्युटरवर तीच मुंग्यांची रांग उघडते. मागं पन्नास माणसं उभी, ऑपरेटर घाईत, अन् चाळीशी घरी राहिलेला म्हातारा म्हणतो, "बराबर असंल."

तिथंच गोम आहे. एक्सेलमध्ये गट नंबर 5/2 साधा टाइप केला की ते त्याची तारीख करून टाकते, 5 फेब्रुवारी. रकान्याचा फॉरमॅट आधी 'टेक्स्ट' केला नसंल तर असं होतेच. खाते नंबर 15 आकड्यांपेक्षा मोठा असला तर पुढच्या आकड्यांचे शून्य होतात. अक्षर मोठं असतं तर हे कोणाच्याही नजरेत आलं असतं. म्हणून माझं म्हणणं, झूम वाढवायचं काम वाचणाऱ्याचं नाही, पाठवणाऱ्याचं आहे.

करायचं काय? कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवा, 130-140 वर आणा, मग सेव्ह करा. एका फाईलमध्ये चार शीट असतील तर खालच्या टॅबवर राईट क्लिक करून सगळ्या शीट निवडा, नाहीतर एकीचाच झूम बदलते. रकाने पडद्याबाहेर जातात म्हणाल, तर नावाचा रकाना फ्रीझ करा, तो जागेवर राहते.

आमची कापूस वेचणीच्या हिशोबाची फाईल मी 140 वरच ठेवतो. शनिवारी चुकारा करताना बाया स्वतःच आपले किलो पाहून घेतात, कोणाले विचारत नाहीत.

एक मात्र ध्यानात ठेवा. झूम फक्त पडद्यापुरता असते, छपाईवर त्याचा काही परिणाम नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची यादी असंल तर अक्षराचा साईजच वाढवा, पान आडवं घ्या, अन् सगळे रकाने एका पानात कोंबायचा पर्याय बंद ठेवा, त्यानंच अक्षर बारीक होते. कामाचे नसलेले रकाने लपवून टाका. चार पानं जास्त लागली तर लागू द्या.