खिळ्याचा फोटो

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती मोबाईल असतोच. कंदील, किल्ला, फराळाचं ताट. फोटो निघतात, स्टेटसला लागतात आणि दुसऱ्या दिवशी नाहीसे होतात. मुलं फार फोटो काढतात, अशी तक्रार घरोघरी आहे. आमच्या मते खरी उणीव वेगळी आहे: काढलेल्या फोटोबद्दल त्यांना कोणी काही विचारत नाही.

१९७३मध्ये पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत लोकांना कॅमेरे देऊन प्रश्नांची उत्तरं फोटोतून मागितली जात. पाउलो फ्रेरी यांच्या शिक्षणविचारातून आलेल्या या प्रयोगातला एक प्रसंग नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी नोंदवला आहे. ‘शोषण म्हणजे काय?’ या प्रश्नावर एका मुलानं भिंतीवरच्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना काही उमगेना. इतर मुलांना लगेच पटलं. बूटपॉलिश करणारी ही मुलं लांबून शहरात येत. जड पेटी रोज घरी वाहून न्यायला नको म्हणून ती दुकानातल्या खिळ्याला टांगत आणि त्या खिळ्याचं रात्रीचं भाडं दुकानदाराला देत. फोटोत नुसता खिळा होता. शोषण कळलं ते ‘हाच का काढलास?’ याच्या उत्तरातून. पुढे १९९०च्या दशकात कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांबरोबर काम करताना याच विचारातून ‘फोटोव्हॉइस’ ही पद्धत घडवली.

आपल्याकडे परिसर अभ्यासात पाण्याचे स्रोत पाठ होतात. त्याऐवजी टँकरपुढच्या हंड्यांच्या रांगेचा फोटो समोर ठेवावा. रांगेत बहुतेक बायका आणि मुलीच का? टँकर नेमका कोणाच्या दाराशी थांबतो? चौकटीबाहेर काय राहिलं? हे प्रश्न मग मुलंच विचारू लागतात.

फोनमुळे लक्ष उडतं, हा आक्षेप खोटा नाही. युनेस्कोच्या २०२३च्या अहवालानंही शाळेतल्या स्मार्टफोनबाबत सावध केलं आहे. म्हणूनच फोन फोटोपुरता बाहेर यावा आणि चर्चेच्या वेळी बाजूला राहावा. प्रत्येकाकडे फोन नसतो, हेही खरं. पण गटाला एक पुरतो. उलट कोणता एकच फोटो ठेवायचा, यावर होणारा वाद हाच अभ्यासाचा गाभा. ज्याचा फोटो काढायचा त्याची परवानगी मात्र आधी घ्यायलाच हवी. नकार मिळाला तर तो मानणं हेही शिक्षणच.

खरी कसोटी मोठ्यांची आहे. टँकर गावच्या पुढाऱ्याच्या दाराशी थांबतो, असं मुलांनी फोटोनिशी दाखवलं, तर त्यांना गप्प बसवायचं नाही, एवढी तयारी शिक्षकांनी आणि पालकांनी ठेवली पाहिजे. ती नसेल, तर फोटोचा तास चित्रकलेच्या तासापलीकडे जाणार नाही.