दगड छपरावर नको, जमिनीत पुरा

राहू गावी आत्याकडे गेलो की माझी नजर आधी छपरावर जाते. दोन खोल्या, पुढे पडवी, सगळ्यावर पन्हळी पत्रे. त्या पत्र्यांवर ओळीने मांडलेले नदीचे गोटे, वाळूची दोन पोती आणि ट्रॅक्टरचा एक जुना टायर. गेल्या चैत्रात मी विचारले, "आत्या, एवढे दगड कशाला गं वर?"

"आरं, वाऱ्यानं पत्रं उडू नयेत म्हणून. तुझं मामा दर साली चार वाढवत्यात."

पंधरा दिवसांनी वळीव आला आणि पाच पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडले. मी पाहायला गेलो, तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. पत्र्यांचे हुक शाबूत होते. पत्रा पाइपाला घट्ट धरून होता, पण पाइपच भिंतीतून उपटून सोबत गेला होता. आणि छपरावरचा एक गोटा खाली कॉटवर पडला होता. कॉटवर त्या वेळी कोणी नव्हते, एवढेच आमचे नशीब.

मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या या राहू बेटात समुद्राचे चक्रीवादळ क्वचित पोहोचते, वळीव मात्र दरवर्षी येतो. दुपारी तापलेल्या हवेचा ढग उंच चढतो, मग त्यातली गार जड हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. पावसाच्या आधी धुळीचा लोट येतो तो हाच. पाच-दहा मिनिटांचा खेळ, पण पत्र्याला तेवढा पुरतो.

वारा पत्रा ढकलून पाडतो, असे आपल्याला वाटते. खरे तर तो पत्रा वर ओढतो. कमी उताराच्या छपरावरून वारा जोरात गेला की वरचा दाब घटतो, आणि उघड्या पडवीतून किंवा दारातून आत शिरलेला वारा खालून उचलतो. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्यात ही ओढ चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरते. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीवर सव्वापाचशे किलो. आता हिशेब करा: दहा-दहा किलोचे वीस गोटे म्हणजे दोनशे किलो, पत्र्यांचे स्वतःचे पन्नास-साठ. वारा जिंकतोच. भारतीय मानक 875 पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटरचा वारा धरायला सांगते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. 140 ला त्याच खोलीवर जवळपास एक टन. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना तर याहून जास्त.

मग दगड ठेवायची रीत आली कुठून? मला वाटते, माळवदातून. आपल्या आजोबांच्या घरावर वीतभर मातीचा थर असायचा, चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास. ते छप्पर खरेच वजनाने टिकायचे. माती गेली, तिच्या जागी पाच किलोचा पत्रा आला, पण वजनावरचा विश्वास तसाच राहिला.

राहू बेटातल्या माणसाला खरे उत्तर शिकवायची गरज नाही, ते त्याच्या दारात उभे आहे. उसाने भरलेल्या ट्रॉलीवर कोणी दगड ठेवतो का? आपण वायररोप टाकतो, ताणतो आणि खाली चेसिसला आवळतो. छपराचेही तसेच. ते दाबायचे नसते, बांधायचे असते, आणि बांध थेट जमिनीपर्यंत जायला हवा. पत्रा पाइपाला, पाइप भिंतीला, भिंत पायाला. साखळीतली एक कडी कच्ची असली की बाकीच्या वाया जातात. 1992 च्या अँड्र्यू वादळाने फ्लोरिडातली हजारो छपरे उडाली, तेव्हा तिथेही धडा हाच मिळाला.

घरच्या घरी काय करता येईल? कडेच्या ओळींना हुक दाट लावा, उंचवट्यावरून, वायसर घालून. लाकडी वाशाला सरळ खिळा ठोकला असेल, तर त्याचे आरपार आलेले टोक वाकवा. पत्र्याच्या कडेवरून, खालच्या पाइपाच्या बरोबर वर, एक आडवा अँगल किंवा जाड बांबू टाका आणि कुंपणाच्या जाड तारेने खालच्या पाइपाशी आवळा. मग ओढ एका हुकाच्या भोकावर न येता सगळीकडे वाटली जाते. नवीन भिंत बांधत असाल, तर चार-पाच थर खालीच काँक्रीटमध्ये गज सोडा आणि वर पाइपाला वाकवून जोडा. जुन्या घराला बाहेरून तार खाली आणा. तिच्यासाठी अडीच फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, तळाशी मोठा दगड आडवा ठेवून त्याला तार बांधा आणि माती धुमसून भरा. त्या मातीचेच वजन सातशे किलोच्या घरात जाते. पडवीचे पत्रे घराच्या पत्र्यांपासून वेगळे ठेवा. वारा पडवीला आधी धरतो, ती गेली तरी घर राहावे.

हे सगळे वारा सुटण्याआधी करायचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि पुणे जिल्ह्यातून पुढे गेले. त्या दिवशी हवेली तालुक्यात उडणारे पत्रे सावरायला गेलेल्या एका माणसाचा जीव गेला. पत्रा पुन्हा मिळतो. वारा सुटला की छपरावर चढू नका. जवळ स्लॅबची शाळा किंवा समाजमंदिर असेल तर तिथे जा.

पत्रे उडाल्यावर तलाठी पंचनामा करतात. नुकसान किमान 15 टक्के असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये, असा आपत्ती निधीचा 2022-26 साठीचा केंद्रीय निकष आहे. तेवढ्यात छप्पर पुन्हा उभे राहत नाही. म्हणून माझे सांगणे असे, की 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. ग्रामपंचायतीने एक ड्रिल मशीन आणि तारेची भेंडोळी आणून ठेवावीत, गावातल्या वेल्डरला बरोबर घ्यावे, आणि विधवा, म्हातारी माणसे, एकटी राहणारी माणसे यांची घरे आधी बांधून घ्यावीत. 1 मेच्या सभेपर्यंत थांबलो, तर निम्मा वळीव होऊन गेलेला असतो.

यंदा आत्याच्या घराभोवती आम्ही सहा खड्डे घेतले. छपरावरचे गोटे मी एकेक करून खाली दिले, मामांनी त्यांतले सर्वांत मोठे सहा निवडून तळाशी ठेवले आणि स्वतः तार आवळली. आत्याने तार हाताने ओढून पाहिली, आणि मग कॉट पुन्हा पहिल्या जागी सरकवली.