‘अनुभव’ नावाचा मोबदला

पालघर-बोईसरकडील आमच्या सुशिक्षित मंडळींत एक नवीच दानशूरता बोकाळली आहे. तिचा थोडा समाचार घेणे प्राप्त आहे. घरी मंगलकार्य निघाले म्हणजे नात्यातला, नाहीतर आळीतला, नुकताच हप्त्यांवर कॅमेरा घेतलेला एखादा मुलगा हुडकावयाचा, आणि ‘फोटो तूच काढ, पैशांचे काय एवढे, तुला अनुभव मिळेल, चार लोकांत नाव होईल,’ असे म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवावयाचा. मांडववाला, आचारी, वाजंत्री, भटजी ह्यांपैकी कोणासही अनुभव हा मोबदला म्हणून देऊ करण्याचे धाडस आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तो मान एकट्या छायाचित्रकाराचा!

ह्यावर उत्तर ठरलेले असते: ‘अहो, तो अजून शिकतो आहे.’ शिकतो आहे हे खरेच; म्हणूनच लग्न ही त्याची शाळा नव्हे. लग्नमंडपाइतकी प्रकाशाची दुर्दशा अन्यत्र क्वचितच आढळेल. एकीकडे पिवळे दिवे, दुसरीकडे निळसर एल.ई.डी.च्या माळा, त्यांचे लुकलुकणे डोळ्यांस दिसत नाही, पण चित्रावर मात्र आडवे पट्टे उमटतात. समोर हळदीने माखलेला चेहरा, मागे लालभडक पडदा. अंतरपाट दूर होण्याचा क्षण पापणी लवते न लवते तोच संपतो, आणि तो पुन्हा करून दाखवा असे भटजींस सांगता येत नाही. (अलीकडे सांगणारे निघाले आहेत, ही गोष्ट निराळी.) हा हात बसवावयाचा तो केळव्याच्या सुरूच्या बनात, सातपाटीच्या बंदरात होड्या लागताना, किंवा बोईसरच्या बाजारात दिवेलागणीस. तेथे चित्र बिघडले तर कोणाचे कन्यादान बिघडत नाही. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राकडे मात्र भिंग वळवू नये. तेथील बंदी नवशिक्यास सवलत देत नाही. आणि लग्नातच शिकावयाचे असेल तर मुरलेल्या छायाचित्रकाराच्या हाताखाली, दुसरा कॅमेरा घेऊन, थोडक्या का होईना पण वेतनावर शिकावे.

शिक्षणासाठी फुकट राबावेच लागते, ह्या समजुतीस इतिहासाचा आधार नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण त्यात शिकले आणि ह्या व्यवसायात पडले. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. प्राध्यापक गज्जर ह्यांनी तेथील छायाचित्रशाळा त्यांस वापरू दिली. म्हणजे शिकणाऱ्यास कोणीतरी काही दिले, त्याच्यापासून काढून घेतले नाही. पुढे फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून दुकान थाटले. एवढी विद्या हाती असूनही तो धंदा त्यांस टिकविता आला नाही. कला येणे आणि कलेवर पोट चालणे ह्या दोन स्वतंत्र विद्या होत. त्यांतील दुसरी, ज्याला आपला भाव तोंडाने सांगण्याचा प्रसंगच कधी आला नाही, त्याने कोठून शिकावी?

बरे, ह्या बाजूस त्याला दुसरा आधार तरी कोणता? छायाचित्राच्या दुकानाचा रोजचा खर्च एके काळी पासपोर्ट आकाराच्या फोटोंवर निघे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामास लागणाऱ्यास अर्जाला फोटो, ओळखपत्राला फोटो. आता पासपोर्ट सेवा केंद्र आणि आधार केंद्र आपापले फोटो स्वतःच काढून घेतात. उरलेले काम खिशातल्या मोबाईलवर भागते. राहता राहिले लग्न, आणि तेच आपण फुकट मागतो! वर ‘मराठी मुले धंद्यात पडत नाहीत’ म्हणून व्याख्यान देतो. लोकल गाड्या २०१३ साली डहाणूपर्यंत धावू लागल्या. त्याच गाडीने मुंबईहून कोणी छायाचित्रकार केळव्याच्या किनाऱ्यावर विवाहपूर्व चित्रे काढावयास उतरला, तर त्याच्या दरात घासाघीस करणे आपणांस कमीपणाचे वाटते. आळीतल्या मुलाने पेट्रोलचे पैसे मागितले की तो मात्र ‘व्यवहारी’ ठरतो.

स्वखुशीने दिलेला आहेर निराळा. जिवलग मित्राच्या लग्नात कोणी आपण होऊन फोटो काढले तर आमचे काही म्हणणे नाही. मागून घेतलेल्या आहेराबद्दल हे लिहिणे आहे.

अशा यजमानांच्या कानी एक गोष्ट घालून ठेवतो. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन फोटो काढवून घेतले आणि उलट करार केलेला नसला, तर त्यांवरील पहिला हक्क काढवून घेणाराचा. मोबदलाच दिला नसेल, तर तो हक्क फोटो काढणाराकडे राहतो. म्हणजे नुसत्या ‘अनुभवा’वर उरकलेल्या कार्यात आपल्या कन्येच्या सप्तपदीची चित्रे कायद्याने शेजारच्या मुलाच्या मालकीची असतात! त्या मुलांस हे सहसा ठाऊक नसते. पुढच्या खेपेस खांद्यावर हात ठेवाल, तेव्हा एवढे त्याला सांगून टाका.